'श्रेक'चा तिसरा भाग नेमका कुठे फसला? मदत हवी आहे

नमस्कार. श्रेक या हिरव्या राक्षसाच्या ॲनिमेशनपट मालिकेतील 'श्रेक द थर्ड' (२००७) या चित्रपटावर मी एक लेख लिहीत असून, पटकथेची जाण असलेल्या सदस्यांचे मत मला हवे आहे. पहिल्या भागाने (२००१) सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे पहिलेवहिले ऑस्कर मिळवले आणि दुसऱ्याने (२००४) फेअरी गॉडमदरसारखी केसाने गळा कापणारी खलनायिका दिली. त्यांच्यापुढे तिसरा भाग मला फारच फिका वाटतो, आणि या मालिकेवर मनापासून प्रेम असल्यामुळे ते खटकते.

श्रेकचा सासरा, बेडूक झालेला हॅरॉल्ड राजा, मरणशय्येवर पुन्हापुन्हा प्राण सोडल्यासारखा निपचित पडतो आणि पुन्हा बोलू लागतो, त्यामुळे तो खरोखर जातो तेव्हा दुःख मनाला भिडतच नाही. शेवटी तर शस्त्रे परजून आलेले सगळे खलनायक कोवळ्या आर्टीच्या (श्रेकने गादीचा वारस म्हणून शोधून आणलेल्या मुलाच्या) एका भाषणाने शस्त्रे खाली ठेवतात, हे माझ्या मते कथेचे सर्वांत लंगडे वळण आहे.

पहिल्या दोन्ही भागांच्या दिग्दर्शकांपैकी एक असलेले अँड्र्यू ॲडमसन तिसऱ्या भागाचे दिग्दर्शक नव्हते. घसरणीचे मूळ या बदलात आहे की श्रेकला वाटणारी पितृत्वाची भीती आणि गादीच्या वारसाचा शोध ही दोन सूत्रे पटकथेत एकजीव झाली नाहीत यात? कृपया प्रसंगांचे दाखले देऊन सांगावे.