मदत हवी: पॉवर विडर अंगणात चालतो, वावरात अडतो

कापूसवाला_एरंडोल
जुना विडर आहे, तण काढायचं यंत्र. इंजिन एका झटक्यात सुरू होतं, धूर नाही, आवाज खणखणीत. अंगणात पुढे-मागे नीट चालतो. वावरात रोटर (माती उकरणारी फिरती पाती) मातीत टेकला की मशीन जागेवर उभं, इंजिन नुसतं बोंबलतं. एक मेकॅनिक म्हणतो गियरबॉक्स उघडावा लागेल, दुसरा फोन उचलत नाही. कालपासून वाफसा आलाय आणि लव्हाळा कपाशीच्या वर निघालाय. लवकर सांगा.

ग्रीसगन
पेट्रोल का डिझेल? बेल्टवर चालतो का थेट गियरवर? मशीन उभं राहतं तेव्हा रोटर फिरतो का तोही थांबतो? आम्ही काय कुंडली मांडायची?

तापीकाठचा
चाकाची पिन बघा. माझी तुटली होती, ॲक्सल आत फिरायचा आणि चाक उभं. दोन दिवस इंजिनच खोलत बसलो. आता पाच पिना खिशात ठेवतो.

ग्रीसगन
एका चाकाची पिन गेली तर मशीन एका अंगाला वळतं. यांचं सरळ उभं राहतंय. आधी त्यांना बोलू द्या.

निवांत_पाटील
म्हणून सांगतो, बैलजोडी बरी. बैलाला स्पेअर पार्ट लागत नाही. आमच्याकडे अजून कोळपणी बैलावरच आहे.

तापीकाठचा
बैल बरा शे भो, पण चारा कोण टाकेल? तुम्ही या टाकायला.

कापूसवाला_एरंडोल
पेट्रोल, सात एचपी, बेल्टवाला. कंपनीचं नाव आधीच्या मालकानेच खरवडून टाकलंय. रोटरही थांबतो.

केळीबाग_रावेर
तणनाशक मारा आणि मोकळे व्हा. कापसात चालणारी येतात.

ग्रीसगन
कापसात चालणारं क्विझालोफॉप हे गवतासाठी. लव्हाळा हे गवत नव्हे, त्याला ते काही करत नाही. आणि ग्लायफोसेट उडालं तर साधी कपाशीच जाईल. प्रश्न मशीनचा आहे.

एरंडोलवाले, चाकं आणि रोटर दोन्ही थांबतात म्हणजे दोष बहुतेक गियरबॉक्सच्या अलीकडे. मशीन बंद करा, प्लगची टोपी काढा, बेल्टचं झाकण काढा. मग टोपी परत लावून सुरू करा आणि लांबून बघा. गळ्यात उपरणं नको, बाही वर. कोणाला तरी रोटर मातीत टेकवायला सांगा. खालची पुली फिरते आणि मशीन चालत नाही, तर पुलीची चावी (पुली दांड्यावर अडकवणारी लोखंडी पाचर) किंवा गियर. खालची पुली थांबते आणि वरची फिरते, तर बेल्ट घसरतोय.

कापूसवाला_एरंडोल
खालची थांबते. वरची फिरते. रबर जळल्याचा वास पण येतो. पण बेल्ट तर मागच्याच आठवड्यात नवा टाकला, तो कसा घसरेल?

ग्रीसगन
हे पहिल्याच ओळीत सांगायचं होतं ना भो!

तापीकाठचा
बेल्टवर राळ टाका चिमूटभर. आमचे आजोबा पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यावर टाकायचे.

ग्रीसगन
तो चपटा पट्टा, हा व्ही-बेल्ट. वर काळ्या मातीची धूळ बसली की लापशी होईल. नका टाकू.

आता तीन गोष्टी बघा. क्लच लिव्हर दाबल्यावर टेन्शनर पुली बेल्टला पूर्ण दाबते का, वायर ढिली आहे का. दुसरं, बेल्टवर काय नंबर आहे. तिसरं, मशीन बंद करून पुलीच्या खाचेत बोट घाला: तळ गंजका आहे का चकचकीत?

कापूसवाला_एरंडोल
टेन्शनर दाबतो. नंबर ए-४८. तळ स्टीलच्या वाटीसारखा चमकतोय. जुना बेल्ट फाटकाला बांधलाय, तो यापेक्षा रुंद दिसतो. त्यावर पुसट बी आणि ४८.

ग्रीसगन
झालं मग. ४८ म्हणजे आतली लांबी इंचात, ती बरोबर आहे. पण ए बेल्ट वरून १३ मिमी रुंद, बी १७. व्ही-बेल्ट पकडतो तो दोन्ही बाजूंच्या उतारांना. अरुंद बेल्ट खाली तळाला टेकतो, बाजूंना पकड मिळत नाही. अंगणात ओझं नाही म्हणून चालतो, मातीत ओझं आलं की घसरतो. दुकानदाराने फक्त लांबी मापली. बी-४८ आणा, जुना बेल्ट हातात घेऊन जा.

केळीबाग_रावेर
आणि मेकॅनिक गियरबॉक्स उघडणार होता. 😄

कापूसवाला_एरंडोल
आणला, बसवला. दोन ओळी मारल्या, ओढतोय चांगला. पण आता लिव्हर सोडला तरी मशीन हळूहळू पुढे सरकतं. मुलगा समोर उभा होता, घाबरलो.

ग्रीसगन
क्लच वायर ए बेल्टसाठी ताणली असेल. नट दोन-तीन आटे मागे घ्या, लिव्हर सोडल्यावर बेल्ट सैल लोंबला पाहिजे. ते होईपर्यंत समोर कोणी नको.

निवांत_पाटील
तुमच्या विडरला पाण्याचा पंप जोडता येईल का? माझ्या विहिरीवरचा बंद पडलाय.