ऑगस्टमध्ये आई-दादांना घेऊन केनियाला: तयारी कुठून सुरू करू?

बागाईतदार_म्हसरूळ
नमस्कार मंडळी. राहायला नाशिकच्या म्हसरूळला, द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की घर सोडता येत नाही, म्हणून जायचं तर ऑगस्टमध्येच. आईला मोकळ्या रानातला सिंह बघायचाय, कित्येक वर्षांपासून म्हणतेय. ती 63 ची, दादा म्हणजे माझे वडील 68 चे आणि त्यांना बीपीची गोळी चालू. आमच्यातलं कुणीच आफ्रिकेत गेलेलं नाही.

एका एजंटने केनिया आणि टांझानिया नऊ दिवसांत बसवून दिलंय. झेपेल का? लस कुठली लागते? आणि आईचा चातुर्मास असेल, कांदा-लसूण बंद. तिथे खाणार काय? कुणी गेलं असेल तर सविस्तर सांगा.

निवृत्त_सिस्टर_गंगापूररोड
भाऊ, आधी लसीचं बघा, तिकिटाचं नंतर. मी आयुष्यभर वॉर्डात काम केलंय आणि आम्ही दोघं केनियाला जाऊन आलोय, म्हणून जीव तोडून सांगते.

केनियाहून परत येताना आपल्याच विमानतळावर यलो फीवरच्या (डासांमुळे होणाऱ्या पीतज्वराच्या) लसीचं कार्ड मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन होऊ शकतं. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, मग आयुष्यभर चालतं. ती फक्त सरकारमान्य केंद्रातच मिळते. आम्ही मुंबईला जाऊन घेतली. जाताना मूळ पासपोर्ट जवळ ठेवा.

आता महत्त्वाचं. ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीपुढे पहिल्यांदा घेणाऱ्यांना गंभीर त्रास क्वचितच होतो, पण तरुणांपेक्षा धोका जास्त असतो. नुसत्या बीपीमुळे लस अडत नाही. अंड्याची तीव्र ॲलर्जी, थायमस या छातीतल्या ग्रंथीचा आजार, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, यातलं काही असेल तर मात्र प्रश्न येतो. त्यामुळे एक रुपयाही भरण्याआधी आई-दादांना त्यांच्या फिजिशियनकडे घेऊन जा, सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून. डॉक्टर नको म्हणाले तर हट्ट करू नका. त्याऐवजी दक्षिण आफ्रिका बघा, तिथे यलो फीवर नाही. तिथला व्हिसा आधी काढावा लागतो, पण तिथल्या क्रूगर अभयारण्यात ऑगस्ट हा कोरडा हिवाळा, गवत विरळ असतं आणि जनावरं पाणवठ्यावर येतात. सिंह तिथेही आहे.

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या त्याच भेटीत विचारा. कुठली घ्यायची ते दादांच्या औषधांवर ठरेल. परत आल्यावर काही महिन्यांतसुद्धा ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य "आफ्रिकेला जाऊन आलोय" हेच सांगायचं.

दोन देश? मी तरी म्हणेन नको. नकाशावर केनियातलं मसाई मारा आणि टांझानियातलं सेरेंगेटी ही अभयारण्यं लागून दिसतात, पण त्या मधल्या सीमेवरून पर्यटकांना सोडत नाहीत. इसेबानियाच्या सीमा नाक्यावरून लांबचा वळसा घ्यावा लागतो, नाहीतर विमान. शिवाय टांझानियाचा व्हिसा वेगळा. केनिया, युगांडा, रवांडा मिळून जो 100 डॉलरचा एकत्र व्हिसा आहे, त्यातही टांझानिया येत नाही. आणि गरज काय? जुलै ते ऑक्टोबर विल्डबीस्टचे (गाईसारख्या मोठ्या हरणांचे) कळप मारातच असतात. नऊ दिवसांत एकच देश बघा, मारात चार मुक्काम ठेवा. सकाळी जनावरं बघायची एखादी फेरी चुकवून दादा पडून राहिले तरी कुणाचं काही बिघडत नाही.

गाडी तुमची स्वतंत्र असू द्या. रानात वाटेल तिथे उतरता येत नाही आणि या वयात लघवीला थांबणं हा फार मोठा प्रश्न असतो. एकट्याची गाडी असली की ड्रायव्हरला मोकळेपणाने सांगता येतं. आईला हे आधीच समजावून सांगा, नाहीतर ती संकोचाने पाणीच पिणार नाही.

नैरोबीत_मराठी
मी मूळचा नाशिकच्या सिडकोचा, आता इथे नैरोबीच्या पार्कलँड्स भागात राहतो. ताईंचं पटतंय, विशेषतः एका देशाचं. खाण्याची काळजी सोडा. इथे गुजराती वस्ती जुनी आहे, पार्कलँड्समध्ये शाकाहारी हॉटेलं आहेत, आणि चपाती तर केनियातल्या लोकांच्याही रोजच्या जेवणात असते. माराच्या कॅम्पला मात्र बुकिंगच्या वेळीच "कांदा-लसूण नको" असं लिहून कळवा आणि पोचल्यावर आचाऱ्याला भेटा. मका-घेवड्याची गिथेरी आईंना आवडेल, पण तीत कांदा घालतात, म्हणून वेगळी करायला सांगा.

घरून नेणार असाल तर लाडू-चिवडा प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधू नका. 2017 पासून इथे त्या पिशव्यांवर बंदी आहे आणि दंड जबर आहे. डबे आणि कापडी पिशव्या आणा.

2024 पासून केनियासाठी व्हिसाऐवजी ऑनलाइन ईटीए (प्रवासाची पूर्वपरवानगी) काढावा लागतो. सरकारी संकेतस्थळावरूनच काढा, दलालांची हुबेहूब पानं बरीच आहेत. एजंटच्या कोटेशनमध्ये पार्कची फी धरली आहे का, हे डोळ्यात तेल घालून बघा: जुलै ते डिसेंबर मारात परदेशी माणसाला दिवसाला 200 डॉलर पडतात, त्याआधीच्या सहा महिन्यांत 100. विमानाने मारात जाणार असाल तर सामान साधारण 15 किलोच, तेही मऊ बॅगेत. प्लगला तीन चौकोनी पिना लागतात. आणि स्वेटर, कानटोपी हवीच! नैरोबी सतराशे मीटरच्या वर आहे, ऑगस्टच्या पहाटे उघड्या टपाच्या गाडीत कडाक्याचा वारा लागतो.

बागाईतदार_म्हसरूळ
दोघांचेही मनापासून आभार. टांझानिया रद्द, सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय. अजून एक. आमच्या शेजारच्यांचं गुलाबाचं पॉलीहाऊस आहे, ते म्हणतात केनियातल्या नैवाशा सरोवराला थांब, जमलं तर लावायला गुलाबाच्या काड्या आण.

नैरोबीत_मराठी
थांबा जरूर. माराहून परतताना थोडी वाट वाकडी करावी लागते, पण एक मुक्काम करण्यासारखं आहे. सरोवराच्या काठाने गुलाबाची ग्रीनहाऊस पसरलीत, युरोपला जाणारा माल. फार्म आतून बघायचा तर आधी परवानगी काढा. संध्याकाळी होडीतून पाणघोडे दिसतात, दादांना दगदग नाही.

काड्या मात्र अजिबात नाही. आयात परवाना आणि फायटोसॅनिटरी (झाड रोग-किडीपासून मुक्त असल्याच्या) प्रमाणपत्राशिवाय कलम, काडी भारतात आणता येत नाही. आणि तुमची स्वतःची बाग आहे, बाहेरचा रोग घरी येऊ देऊ नका.

निवृत्त_सिस्टर_गंगापूररोड
दुर्बीण प्रत्येकाला वेगळी घ्या, आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) पुरते. एकच असली की आई ती दादांच्याच हातात देत बसेल. आणि निघण्याआधी एका सकाळी दोघांना नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात नेऊन ती डोळ्याला लावायची, फोकस फिरवायची सवय करून द्या. चष्मा असेल तर दुर्बिणीचे रबरी कप खाली करायचे, हे तिथेच दाखवा. डॉक्टर काय म्हणाले ते इथे कळवा, त्यावरून पुढचं बघू.