मदत हवी आहे: गांजाची छोटी शेती आणि विक्रीचा परवाना (कॅलिफोर्निया)

नमस्कार मंडळी. हम्बोल्ट काउंटीतला माझा एक शेतकरी मित्र रीतसर परवान्यावर गांजा पिकवतो. (भुवया उंचावू नका, २०१६च्या मतदानानंतर तिथे ते कायदेशीर आहे!) त्याला माल थेट गिऱ्हाइकाला विकायचाय, पण नुसत्या लागवडीच्या परवान्यावर ते चालत नाही. मायक्रोबिझनेस परवाना घ्यावा तर लागवड १०,००० चौरस फुटांच्या आत हवी आणि लागवड, प्रक्रिया, वितरण, विक्री यांतली किमान तीन कामं करायला हवीत. स्थानिक मंजुरी वेगळीच. एकट्यादुकट्याला हे झेपतं का? कुणी असा अर्ज भरलाय?

दुसरं म्हणजे, हिशेब मी बघावेत असा त्याचा आग्रह आहे. मी ग्रीन कार्डवर, आणि केंद्राच्या कायद्यात गांजा अजून बेकायदाच. पुढे नागरिकत्वाला अडचण येईल का? यातला जाणकार वकील माहीत असेल तर कृपया मेसेज करा.