माळवदाच्या घराच्या भिंती वाळताना वाकतात, मदत हवी आहे

मंडळी, उदगीरच्या लढाईच्या (1760) टेबलावरच्या युद्धखेळासाठी 28 मिमी उंचीच्या बाहुल्यांच्या मापात माळवदाची (मातीच्या सपाट छताची) घरं करतोय. प्रमाण 1:56 धरलंय, म्हणजे दहा फुटी भिंत साधारण 54 मिमी. आपल्याकडच्या जुन्या भिंती चांगल्या अडीच फूट जाड, म्हणून 5 मिमी फोमबोर्डचे (दोन्ही बाजूंना कागद असलेला फोमचा पुठ्ठा) दोन थर चिकटवले. वरून गिलावा आणि दगड धरून 13-14 मिमी होतात.

अडचण गिलाव्याची. फेविकॉल आणि चाळलेली बारीक वाळू बाहेरून लावली की ओला कागद आधी फुगतो, मग वाळताना आकसतो. 18 सेंमी भिंत मध्यावर 4 मिमी आत ओढली जाते. छत उचलून आत बाहुल्या ठेवायच्या असतात, ते मग बसतच नाही. आतल्या बाजूलाही फेविकॉलचा हात दिला, तर बाक निम्म्यावर आला, पण गेला नाही. उन्हात वाळवणं तर सपशेल चूक; बाहेरची बाजू आधी सुकते आणि बाक वाढतो.

बाहेरचा कागद सोलून थेट फोमवर गिलावा धरतो का, की वाळल्यावर पापुद्रे निघतात? की मधे आडवी भिंत घालूनच गिलावा करावा? तसं केलं तर बाहुल्या ठेवायला जागा कमी पडते, म्हणून मन होत नाही.

छताचं जमलंय: तुळयांना बांबूच्या काड्या, किलचांना (तुळयांवरच्या आडव्या फळ्यांना) गुल उतरवलेल्या काडेपेटीच्या काड्या, वर चाळलेली पांढरी माती. पन्हळीला काय वापरता, तेही सांगा.