रोजच्या गाडीचा दम वाढवायला काय काय केलंत?

घाटमाथा
काल पुतण्याच्या नव्या टर्बो पेट्रोल गाडीतून (टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) कसारा घाट चढलो. एसी चालू, मागे तिघं, डिकीत तांदळाचं पोतं, तरी ट्रकमागून बाहेर काढली की सुसाट. एकदम बाबांची मारुती ८०० आठवली. ७९६ सीसी, जेमतेम ३७ बीएचपी. घाट लागला की हुकूम सुटायचा: एसी बंद, काचा खाली, कोणी बोलायचं नाही. (बोलण्याचा इंजिनाशी काय संबंध, देव जाणे.) ती जरा पळावी म्हणून बाबा आणि नाक्यावरचे मिस्त्री रविवारभर कार्बोरेटर उघडून बसायचे. तुमच्याकडे कोणी काय उद्योग केलेत? रेसिंगचं नको, ऑफिस, भाजी, सासर अशा गाडीचं लिहा.

अण्णा_डिझेल
रीमॅप, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून घेतलं. स्विफ्टचं १.३ डिझेल, पॉवर ७५ पीएस, टॉर्क म्हणजे ओढायचा जोर १९० एनएम. टर्बो जागा होईपर्यंत, म्हणजे २००० आरपीएमच्या खाली, नुसता कंटाळा. रीमॅपनंतर खंबाटकी घाट तिसऱ्या गिअरवर आरामात. फक्त जुन्या क्लचला वाढलेला टॉर्क झेपेना. चौथ्यात दाबलं की आरपीएमचा काटा वर आणि गाडी आहे तिथेच. शेवटी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट सगळं नवीन. तो खर्च धरूनच हिशोब करा.

रिकामटेकडा
अण्णा, पॉवर किती झाली मग?

अण्णा_डिझेल
ट्यूनवाला ९५ म्हणाला

रिकामटेकडा
डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) मोजून?

अण्णा_डिझेल
लॅपटॉपवर बघून 😀

श्रावणी_क
कुकर लावलाय, पटकन लिहिते. टर्बो नसलेल्या पेट्रोलला रीमॅप करून फार काही हाती लागत नाही. टर्बोत बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, वाढवता येतो, इथे हवा स्वतःहून येईल तेवढीच. माझी वॅगनआर १ लिटर सीएनजी. कंपनीचेच आकडे, पेट्रोलवर ६७ पीएस आणि सीएनजीवर ५७. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये गॅस हवेची जागा खातो ना. मी घाटाच्या पायथ्याशी बटण दाबून पेट्रोलवर घेते. झाली १० पीएस वाढ, फुकट!

मिरजेचा_मी
ताई सीएनजीचं नाव नका काढू. आत्ता रांगेतूनच वाचतोय. पुढे अजून सगळ्या रिक्षाच.

श्रावणी_क
अरेरे. डबा आणलायत ना?

स्टुटगार्टकर
इकडे जर्मनीत चिप ट्यूनिंग (तुमचं रीमॅपच) केलं की तपासणी करून गाडीच्या कागदांवर नोंद घ्यावी लागते. नाहीतर रस्त्यावर चालवायचा परवानाच जातो, विम्याची भानगड वेगळी. ऑटोबानवर मोकळं सोडलंय, बाकी सगळीकडे कागद.

वकीलसाहेबा
आपल्याकडेही मोकळीक नाहीये बरं. मोटार वाहन कायदा, कलम ५२: कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रु. दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. वॉरंटीवर पाणी सोडायचं ते निराळंच.

रिकामटेकडा
अण्णा 👀

अण्णा_डिझेल
गाडी विकली हो केव्हाच

पोहेवाला
भावाने उघडा कोन फिल्टर, म्हणजे डब्याशिवायचा शंकूसारखा एअर फिल्टर, लावला होता. आवाज काय वाढला! वहिनी म्हणाली गाडीला दमा झालाय. एप्रिलात सोलापूरला तर आधीपेक्षा मंद. बॉनेटखालची तापलेली हवा ओढणार तो, गरम हवा विरळ, मग जोर कुठून येणार? मूळचा डबा परत बसवला. ९७ ऑक्टेनचं महागडं पेट्रोलही भरून पाहिलं. साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या इंजिनाला त्याचं काही पडलेलं नसतं, खिसा तेवढा हलका.

सुमनमावशी
आमच्या ह्यांनी काहीच बसवलं नाही, उलट काढलं. गाडी ओढत नाही म्हणून रीमॅपची चौकशी चालली होती. आमचा म्हातारा मिस्त्री म्हणाला, थांबा साहेब, आधी गेलेली पॉवर शोधू. एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत उंदराचं घर! चिंध्या, फिल्टरचा कुरतडलेला कागद, भुईमुगाच्या शेंगा. मागच्या चाकाचा ब्रेकही धरून बसलेला, हात लावला तर चटका. ते केलं, प्लग बदलले, टायरमध्ये हवा नीट भरली. गाडी पळायला लागली. मला तर वाटतं निम्म्या लोकांना रीमॅप नको, झाडू हवाय.

घाटमाथा
मावशी 🙏 शेंगा भाजलेल्या की कच्च्या?

सुमनमावशी
कच्च्या. गच्चीवर वाळत घातल्या होत्या त्याच.

पोहेवाला
उंदरांवर काय उपाय हो? माझ्या नव्या गाडीची वायर खाल्ली परवा. तंबाखूची पुरचुंडी ठेवली तर तीही गायब.

मिरजेचा_मी
ती उंदराने नाही, वॉचमनने नेली असेल

सुमनमावशी
रात्री बॉनेट थोडं उघडं ठेवून बघा. उजेड आणि वारा लागला की बसत नाहीत. आणि शेजाऱ्यांना सांगा, पार्किंगमध्ये मांजरीसाठी भात ठेवू नका. मांजर खात नाही, हे उंदीरच खातात.

श्रावणी_क
मिरजकर, मिळाला का गॅस?

मिरजेचा_मी
प्रेशर कमी आहे म्हणे. पेट्रोल टाकून निघालो.