डिझेलमधल्या पाण्याने बोटीचं इंजिन गेलं, भरपाई कोण देणार?

प्रश्न: मच्छीमार सोसायटीच्या पंपावर ४०० लिटर डिझेल भरलं. दोन तासांत इंजिन बंद. वॉटर सेपरेटरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा फिल्टर) वाटीत पाणी, इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारे) जाम. पंपवाले म्हणतात, पाणी तुमच्याच टाकीतलं. दावा टिकेल का?

उत्तर १: टाकी उपसू नका! तळातलं डिझेल तीन स्वच्छ बाटल्यांत घ्या, पंचांसमोर सील करा, एक बाटली पंपाला द्या. पंपाच्या टाकीत वॉटर पेस्ट (पाणी लागलं की रंग बदलणारा लेप) लावलेली पट्टी तळापर्यंत बुडवून डिप घ्यायला लावा. जुने फिल्टर, इंजेक्टर भंगारात टाकू नका, तोच पुरावा.

उत्तर २: ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यापारी खरेदी वगळली आहे, पण स्वतः बोट चालवून पोट भरणारा ग्राहकच ठरतो. तक्रारीची मुदत २ वर्षं.

उत्तर ३: अडतं ते पाणी आलं कुठून यावर. पाणी तुमच्या टाकीतून शिरलं नाही हे दाखवायला तिच्या झाकणाचं रबर, व्हेंट पाइप (हवा जायची नळी) यांचे फोटो काढा. त्याच दिवशी तिथेच भरलेल्या दुसऱ्या बोटीतही पाणी निघालं, तर पंपाचा बचाव लंगडा पडतो.