ड्रेसिंगच्या वेळी भावाचे हाल बघवत नाहीत, यावर नवीन काही निघालंय का?

विणकर_सोलापूर
नमस्कार मंडळी. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत कामाला, धाकटा भाऊ सायझिंगवर, म्हणजे सुताला खळ लावायच्या कामावर आहे. २२ दिवसांपूर्वी त्याच्या डाव्या पायावर गरम खळ सांडली, गुडघ्यापासून पार घोट्यापर्यंत. खळ पाण्यासारखी निथळून जात नाही ओ, अंगाला चिकटून बसते, पँट काढेपर्यंत आत भाजतच गेलं. मागच्या आठवड्यात ग्राफ्ट केलं, उजव्या मांडीची कातडी काढून डाव्या पायाला लावली. आता तो म्हणायलाय की भाजलेल्या पायापेक्षा ही चांगली मांडीच जास्त जळजळतीय, हे कसं काय? आणि ड्रेसिंगच्या दिवशी तर ट्रॉलीच्या चाकांचा आवाज आला की हातपाय गार पडतात त्याचे, टॉवेल तोंडात धरून बसतो, चौथीतली पोरगी दाराबाहेर असते म्हणून ओरडत नाही. मी विचारलं तर उत्तर मिळालं की भाजलंय म्हटल्यावर दुखणारच, सहन करायचं. दुखणार हे मलाबी कळतंय, पण जगात कुणीतरी यावर अभ्यास करत असेलच की. व्हीआर चष्म्याचं (डोळ्यांवर लावला की खोटं जग खरं असल्यासारखं दिसतं तो) काहीतरी वाचलं मोबाईलवर, ते खरं आहे का? माहिती असेल त्यांनी सांगा प्लीज.

वॉर्डातली_ताई
दादा, मी सोलापूरचीच, सात वर्षं बर्न्स वॉर्डात काढलीत, आता पुण्यात असते. भाऊ अगदी खरं बोलतोय. ग्राफ्टसाठी मांडीचा वरचा पातळ थर घेतात, त्याच्याखालच्या नसांची टोकं जिवंत असतात आणि ती उघडी पडतात, म्हणून आग होते. उलट जिथं खोल भाजलं तिथं नसाच जळून गेलेल्या असतात, मधे बधिर लागतं आणि कडेला दुखतं. पुढं नसा परत वाढायला लागल्या की तिथंही टोचल्यासारखं होईल, तेव्हा घाबरू नका.

उद्या राउंडला तीन गोष्टी विचारा. दुखण्याचं औषध ट्रॉली आल्यावर नको, आधी द्या, म्हणजे हात लावेपर्यंत त्याचा असर सुरू झालेला असेल. चिकटलेलं गॉज सलाईनने भिजवून सुटू द्या, कोरडं ओढू नका. आणि प्रत्येक ड्रेसिंगला ० ते १० मधला आकडा भावाला विचारून फाईलवर लिहायला लावा. आकडा लिहिला की डॉक्टरला औषध बदलावंच लागतं, नुसतं "पेशंट ओरडतोय" लिहिलं तर कुणी बघत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. लहान मुलांना हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता दाखवतात ना, तो १९८०च्या दशकात अमेरिकेत टल्साच्या बर्न सेंटरमधल्या पोरांसोबत काम करतानाच तयार झाला, डोना वाँग आणि कॉनी बेकर या दोघींनी केला. पोरांना आकडा सांगता येत नव्हता पण चेहऱ्यावर बोट ठेवता येत होतं.

आपल्याकडंही काम झालंय बरं का. मुंबईत डॉ. केसवानी यांनी १९८०च्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरली, नंतर शीवच्या टिळक हॉस्पिटलात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची. दोन्हीत मुद्दा एकच, पट्टी जखमेला चिकटत नाही म्हणून काढताना दुखत नाही, आणि खर्च अगदी कमी. पण ते सगळं निर्जंतुक केलेलं असतं, घरी पान तोडून लावू नका.

आणि कारखान्यात सगळ्यांना सांगून ठेवा, असं काही सांडलं तर लगेच २० मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही.

भूल_पीजी
ताईंनी महत्त्वाचं सगळं सांगितलंय, मी संशोधनाच्या बाजूनं सांगतो (भूलशास्त्रात पीजी करतोय).

व्हीआर खरं आहे. सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी १९९०च्या दशकात सुरू केलं, भाजलेल्या पेशंटसाठी स्नोवर्ल्ड नावाचा गेम बनवला, पेशंट बर्फाच्या दरीतून जातो, पेंग्विन आणि स्नोमॅनवर बर्फाचे गोळे मारतो आणि तेवढ्यात इकडं ड्रेसिंग चालतं. २००४ मध्ये त्यांनी निरोगी माणसांना उष्णतेचा चटका देऊन मेंदूचे स्कॅन काढले तर व्हीआर चालू असताना दुखण्याशी संबंधित भागांची हालचालच कमी झालेली दिसली. म्हणजे पेशंट नुसतं कमी दुखतंय म्हणतो असं नाही, मेंदूतही फरक दिसतो. पण हे औषधाच्या जोडीला, औषधाऐवजी नाही.

औषधांत आता असं चाललंय की सगळा भार मॉर्फिनसारख्या एकाच औषधावर टाकायचा नाही. त्याची शरीराला सवय होते, डोस वाढवत जावा लागतो आणि कधीकधी उलटं होऊन दुखणं जास्तच जाणवायला लागतं. म्हणून पॅरासिटामॉल, थोडं केटामाइन (भुलेचं औषध), नसांच्या दुखण्याला गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिन अशी सांगड घालतात. मांडीसाठी नसेचा ब्लॉक देता येतो, सोनोग्राफीत बघून मांडीच्या कातडीची नस तेवढी बधिर करायची. पुढच्या वेळी परत ग्राफ्ट ठरलं तर भूलतज्ज्ञांना हे आधीच विचारा. आणि मॉर्फिनला कायद्याची अडचण आहे असं कुणी म्हणालं तर, २०१४ मध्ये एनडीपीएस (अमली पदार्थांचा) कायदा बदलून मान्यताप्राप्त हॉस्पिटलांसाठी ते सोपं केलंय.

मला एका गोष्टीचा राग येतो. डब्ल्यूएचओ सांगते की भारतात वर्षाला १० लाखांहून जास्त लोक मध्यम ते गंभीर भाजतात, आणि वेदनेवरचे पेपर काढून बघा, बरेचसे अमेरिकेतले. सायझिंगवरच्या माणसाचं, स्टोव्हवर भाजलेल्या बाईचं दुखणं मोजणारे अभ्यास इथंच व्हायला पाहिजेत.

जुळे_सोलापूरची
मी स्वतः भाजलेय, स्टोव्हचा भडका, १२ वर्षं झाली. विणकर दादा, ड्रेसिंगचं दुखणं एक दिवस संपतं, पुढं खाज सुरू होते, त्याची तयारी ठेवा. जखम भरल्यावर रात्री दोनला उठून उशीच्या अभ्र्याने चोळत बसायचे मी, नखं लावायची भीती वाटायची. मला वर्षभर कुणी सांगितलंच नाही की खाजेलाही औषध असतं, मग एका डॉक्टरांनी तीच गॅबापेंटिन दिली आणि पहिल्यांदा सलग झोपले. सोलापूरच्या मे महिन्यात ते व्रण दाबून ठेवणारे घट्ट कपडे, प्रेशर गारमेंट, घालणं म्हणजे काय ते मलाच माहीत, पण सोडू देऊ नका.

अजून एक. मला एक सिस्टर शेवटचा गॉजचा थर माझ्या हाताने काढू द्यायची. मला वाटलं तेव्हा थांबायचं, वाटलं तेव्हा परत सुरू. वेळ दुप्पट लागायचा पण दुसऱ्याने ओढल्यावर जेवढं दुखायचं तेवढं नाही दुखायचं. भावाला विचारून बघा, आणि सिस्टरलाही.

विणकर_सोलापूर
चार दिवसांनी लिहायलोय, माफ करा. डॉक्टरांशी बोललो, चांगलं बोलले ओ, आता ट्रॉलीच्या आधी अर्धा तास इंजेक्शन देतात. सोमवारी आकडा ९ होता, आज ६. व्हीआर काही इथं नाही, पण मी मोबाईलवर गड्ड्याच्या (आमच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) नंदीध्वजांचे व्हिडिओ लावून कानात हेडफोन घातले, सिस्टर सलाईन टाकत होत्या आणि हा मानकऱ्याकडं बघत होता. शेवटचा थर त्याने स्वतः काढला. टॉवेल होता, पण हातात.

जुळे सोलापूरच्या ताई, मांडी भरल्यावर खोबरेल लावलं तर चालतं का, का डॉक्टरला विचारूनच लावायचं? आई आत्तापासूनच बाटली घेऊन बसलीय.